समुद्रकाठच्या शर्टावरचं चित्र कुणाचं?

कळंगुट-बागाच्या रस्त्याला दुतर्फा टांगलेले शर्ट बहुतेकांनी पाहिलेले असतात. नारळाची झाडं, जास्वंदी, पोपट, सर्फबोर्ड, आणि त्यांच्यात हमखास एक निळी लाट, जिच्या फेसाला नखं फुटलीत असं वाटतं. ही लाट होकुसाई या जपानी चित्रकाराची. 3 जुलै 2024 पासून ती जपानच्या हजार येनच्या नव्या नोटेवर छापली जाते. त्याआधी मार्च 2023 मध्ये तिचा एक जुना छाप न्यूयॉर्कच्या लिलावात 27 लाख 60 हजार डॉलरला गेला. गोव्यात तीच लाट घासाघीस केली की काहीशे रुपयांत अंगावर येते.

एकच चित्र नोटेवर, लिलावात आणि रस्त्यावरच्या हँगरवर कसं? ते छापायला कुणाची परवानगी लागते का? मुळात चित्रकार या सर्फिंगच्या कपड्यांच्या धंद्यात शिरले कसे? ऑगस्ट 2025 मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत रमेश बुदिहाळने कांस्यपदक मिळवलं, या स्पर्धेतलं भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. खेळ आपल्याकडे रुजतोय, त्याच्याबरोबर कपडेही येणार. तेव्हा हा गुंता एकदा सोडवून ठेवलेला बरा.

आधी शर्ट

फळीवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत यायचं, हे सर्फिंग हवाई बेटांवर फार जुनं. त्या काळी त्याला वेगळा पोशाख नव्हताच. 1820 मध्ये अमेरिकेतून मिशनरी आले, त्यांना हे उघड्या अंगाचं खेळणं पसंत पडलं नाही आणि खेळ बराच मागे पडला. पुढे ऊस आणि अननसाच्या मळ्यांसाठी जपान, चीन, पोर्तुगाल, फिलिपिन्समधून मजूर आणले गेले. त्यांच्यामागून त्यांचे शिंपी आणि कापडवालेही आले.

होनोलुलूतल्या जपानी शिंप्यांकडे किमोनो आणि युकाता या जपानी पोशाखांचं छापील कापड असायचं. त्याचे कॉलरवाले अर्ध्या बाह्यांचे शर्ट शिवायला 1920-30 च्या दशकांत सुरुवात झाली. शर्ट पँटमध्ये न खोचता बाहेर सोडायची सवय फिलिपिनो लोकांची. ‘अलोहा शर्ट’ हे शब्द जून 1935 मध्ये मुसाशिया नावाच्या जपानी शर्टवाल्याच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत दिसतात. 1936-37 मध्ये एलरी चुन या चिनी वंशाच्या दुकानदाराने ते नाव आपल्या नावे नोंदवून टाकलं, म्हणून शोधाचा मान त्याला देण्याची पद्धत पडली. त्याच्या सुरुवातीच्या कापडांवरची चित्रं त्याच्या बहिणीने, एथेलने काढली होती. मला विचाराल तर मान शिंप्यांचा. चुनने नाव नोंदवलं, एवढंच.

दुसऱ्या महायुद्धात हवाईत तैनात असलेले सैनिक हे शर्ट घेऊन घरी गेले. 10 डिसेंबर 1951 च्या ‘लाइफ’ मासिकाच्या मुखपृष्ठावर राष्ट्राध्यक्ष ट्रूमन फुलाफुलांच्या शर्टात झळकले. मग 1961 मध्ये एल्विस प्रेस्लीने ‘ब्लू हवाई’च्या रेकॉर्डच्या कव्हरवर लाल शर्ट घातला आणि विषयच संपला. गंमत अशी की हवाईतल्या कचेऱ्यांत मात्र हा शर्ट चालत नव्हता. तिथल्या कापडवाल्यांच्या संघटनेने 1962 मध्ये विधिमंडळाच्या प्रत्येक सदस्याला दोन-दोन शर्ट भेट दिले, 1966 पासून शुक्रवारपुरती मुभा मिळाली, आणि आता तिथे लग्नालाही हाच शर्ट घालतात.

चांगला अलोहा शर्ट हातात आला तर आधी खिसा बघा. छातीवरच्या चित्राची रेघ खिशावरून जशीच्या तशी पुढे गेलेली असते, माडाचं खोड खिशाच्या कडेला तुटत नाही. पुढच्या बटणपट्टीवरही दोन बाजूंचं चित्र जुळतं. त्यासाठी कापणाऱ्याला खिशाचा तुकडा थानातून शोधून कापावा लागतो आणि कापड वाया जातं. बटणं बऱ्याचदा नारळाच्या करवंटीची. पाठीवर मधोमध शिवण नको, कारण तीच सगळ्यात मोठी सलग जागा.

कापडावर चित्र उतरतं कसं?

हे कळलं नाही तर पुढचा पैशांचा आणि कायद्याचा भाग कळणार नाही, म्हणून थोडं थांबू.

जुनी पद्धत स्क्रीन प्रिंटिंगची. दारात रांगोळीचा भोकांचा छाप ठेवून वरून रंग फिरवतो, तसंच हे काम. चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणतात, जिथे रंग नको तिथली भोकं बुजवतात आणि रबरी पट्टीने रंग ओढतात. एका चौकटीतून एकच रंग. सात रंगांचं चित्र म्हणजे सात चौकटी, आणि सातही एकमेकींवर नेमक्या बसायला हव्यात. त्यामुळे चित्रकाराचं मूळ चित्र कितीही तलम असलं तरी कुणीतरी बसून ते ठरावीक रंगांत फोडायचं. शिवाय चित्राचा डावा काठ उजव्याला आणि वरचा खालच्याला जुळायला हवा, नाहीतर थान छापताना दर हातभर अंतरावर सांधा दिसतो.

चौकटी बनवायला खर्च येतो, म्हणून एका चित्राचे शेकडो शर्ट खपवावे लागत. 1940-50 च्या दशकांत लाकडाच्या लगद्यापासून होणारं रेयॉन आलं. ते रेशमासारखं झुळझुळतं आणि रंग भडक धरतं. सुरुवातीला बरंचसं कापड जपानात, क्योतोला छापून यायचं. पुढे आल्फ्रेड शाहीन या उद्योजकाने होनोलुलूतच छपाईचा कारखाना उभा केला.

आता चौकटीची गरज उरली नाही. संगणकातली फाइल थेट कापडावर छापता येते, किंवा कागदावर छापून साधारण दोनशे अंश तापमानाला पॉलिएस्टरवर दाबतात. रंगाची वाफ होते आणि ती धाग्यात शिरते. सुरतेत अशा यंत्रांची रेलचेल आहे. दहा शर्टांसाठीसुद्धा नवं चित्र परवडतं. आणि ती फाइल कुठून आली, हे कुणी विचारत नाही.

चित्रकार इथे काय करत होते?

पोट भरत होते. निदान सुरुवातीला.

जॉन मेग्ज हा तरुण युद्धाआधी होनोलुलूत होता. ‘किओनी’ या हवाईयन नावाने त्याने शर्टांसाठी शेकडो नक्षी काढल्या. पुढे तो न्यू मेक्सिकोत गेला आणि चित्रकार म्हणून जगला. येल विद्यापीठातले प्राध्यापक, भित्तिचित्रकार युजीन सॅव्हेज यांना 1938 मध्ये एका जहाज कंपनीने हवाईवर मोठी चित्रं काढायला सांगितलं. ती आगबोटींवर लागायची होती. युद्ध आलं, चित्रं गुंडाळून ठेवली गेली. युद्धानंतर ती लागली ती बोटीवरच्या जेवणाच्या मेन्यूवर, आणि तिथून शर्टांवर. प्रवासी मेन्यू घरी नेऊन फ्रेम करत.

सॅव्हेज यांना जहाज कंपनीने निदान नावाने बोलावलं होतं. मेग्जसारख्यांचं तसं नव्हतं. शर्टाच्या कॉलरला लेबल असे ते दुकानाचं, आणि चित्र काढणाऱ्याचं नाव सहसा कुठेच नसे. मेग्जचं नाव परत वर आलं ते जपानमुळे. तोक्योतली एक कंपनी जुने अलोहा शर्ट धाग्यापासून बटणापर्यंत हुबेहूब बनवते, आणि त्यातली एक मालिका ‘किओनी ऑफ हवाई’ याच नावाने विकते.

उलट दिशेने आलेलं उदाहरण फ्रेंच चित्रकार मातीसचं. आंरी मातीस 1930 मध्ये ताहितीला गेला, भरपूर पोहला, प्रवाळ पाहिले, आणि काम फारसं केलं नाही. सोळा वर्षांनी, वार्धक्यात, पॅरिसच्या घरात त्याने पांढऱ्या कागदाचे मासे, पक्षी आणि शेवाळाचे आकार कापले आणि खोलीच्या मळकट पिवळसर भिंतीवर टाचण्यांनी लावत गेला. लंडनचा कापडव्यापारी झिका अॅशर घरी आला होता. त्याने ती भिंतच तागाच्या कापडावर स्क्रीनने छापायची ठरवली, पार्श्वभूमीचा रंगही त्या भिंतीशी जुळवून. ‘ओशनिया’ नावाच्या या दोन छापांच्या प्रत्येकी फक्त तीस प्रती निघाल्या. आज तशी पानंफुलं अर्ध्या जगाच्या बीचवेअरवर दिसतात, पण मातीसने ती आधीच कापडावर पाहून, संमती देऊन ठेवली होती.

पोहायच्या चड्डीपासून कंपन्यांपर्यंत

सर्फिंगच्या चड्डीला ‘बोर्डशॉर्ट’ म्हणतात. तिच्या कमरेला इलॅस्टिक नसतं, कारण मोठी लाट अंगावर कोसळली की इलॅस्टिकची चड्डी पाण्यात राहते आणि आपण बाहेर येतो. म्हणून सपाट पट्टा, नाडी आणि चिकटपट्टी. लांबी गुडघ्यापर्यंत, कारण फळीवर लावलेल्या मेणाने मांड्या सोलतात. मागे छोटा खिसा असतो, मेणाची वडी ठेवायला. 1950 च्या दशकात हवाईतल्या वायानाए गावच्या एम. नी या शिंप्याकडे सर्फर रांग लावून मापं द्यायचे.

1969 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या टोर्के या छोट्या गावात क्विकसिल्व्हर आणि रिप कर्ल या सर्फिंगच्या मालाच्या दोन्ही कंपन्या निघाल्या. क्विकसिल्व्हरचं बोधचिन्ह म्हणजे उसळलेली लाट आणि मागे बर्फाळ डोंगर. होकुसाईचंच चित्र, चार रेघांत आणलेलं.

त्या लाटेची मूळ किंमत

‘कानागावाजवळच्या लाटेखाली’ हे चित्र साधारण 1831 चं. होकुसाई तेव्हा सत्तरीत होता. कागद फक्त 25 गुणिले 37 सेंटिमीटर, शाळेच्या उघड्या वहीएवढा. त्यात सर्फर कुणी नाही. मासळी घेऊन धावणाऱ्या तीन लांबट होड्या आहेत, वल्हेकरी पाठी वाकवून होडीला चिकटलेत, आणि दूर, लाटेच्या पोटात, इवलासा फुजी पर्वत. तो गडद निळा रंग युरोपातून नव्याने आलेला प्रशियन निळा.

आणि हे एकमेव हाताने रंगवलेलं चित्र नाहीच. होकुसाईने रेखाटन दिलं, कोरणाऱ्याने चेरीच्या लाकडात ठसे कोरले, छापणाऱ्याने एकेक रंग चढवला, पैसा प्रकाशकाने घातला. हजारो प्रती निघाल्या. एक प्रत साधारण दोन वाट्या शेवयांच्या किमतीला मिळायची. नोकरदार, कारागीर, प्रवासी असे साधे लोक ती घेत. तेव्हा शर्टावर छापून चित्राचा अपमान झाला असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: लाट जन्मली तीच बाजारात. लिलावातले लाखो डॉलर नंतरचे.

शर्टावर मात्र एक गोष्ट बहुधा गळलेली असते. मूळ चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात शीर्षकाची उभी चौकट आहे आणि तिच्या डावीकडे होकुसाईची सही. कापडाची नक्षी जुळवणाऱ्याला ती मध्ये येते, म्हणून तो ती पुसतो.

मग ती कुणीही छापू शकतं?

हो. कॉपीराइट म्हणजे आपल्या चित्राच्या प्रती कोण काढणार हे ठरवण्याचा चित्रकाराचा हक्क, आणि तो कायमचा नसतो. भारतात तो चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर पुढची 60 वर्षं चालतो, मोजणी मृत्यूच्या पुढच्या 1 जानेवारीपासून. होकुसाई 1849 मध्ये गेला, राजा रविवर्मा 1906 मध्ये, अमृता शेरगिल 1941 मध्ये. या तिघांची चित्रं भारतात कुणीही छापावीत. मातीस 1954 मध्ये वारला, म्हणून तोही 2015 पासून मोकळा. पिकासोसाठी 2033 संपेपर्यंत थांबावं लागेल, हुसेन यांच्यासाठी 2071.

इथे एक हरकत नेहमी येते: ‘पण मूळ चित्र तर संग्रहालयाच्या मालकीचं आहे ना?’ कागद किंवा कॅनव्हास त्यांचा, छापायचा हक्क वेगळा. बहुतेक देशांत असंच आहे, पण इटलीत नाही. तिथे सांस्कृतिक वारशाचा स्वतंत्र कायदा आहे. फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयाने 2022 मध्ये फ्रेंच फॅशन कंपनी जाँ पॉल गॉतिएवर दावा लावला, कारण तिने बोत्तिचेल्लीची व्हीनस कपड्यांवर छापली होती. बोत्तिचेल्ली 1510 मध्ये गेलेला. (शिंपल्यावर उभी राहून वाऱ्याने किनाऱ्याला लागणारी ती व्हीनस तशी पहिली सर्फरच म्हणायची.)

पन्नासाचा आकडा

आता जिवंत चित्रकारांसाठी महत्त्वाचा भाग. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं 15 वं कलम सांगतं की, एखादी नक्षी ‘डिझाइन’ म्हणून नोंदवता आली असती, पण नोंदवली नाही, आणि ती वस्तूंवर औद्योगिक पद्धतीने पन्नासहून जास्त वेळा उमटली, तर तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. डिझाइन म्हणजे वस्तूला डोळ्यांना दिसेल असं रूप देणारी नक्षी, आकार किंवा रंगसंगती. तिची नोंदणी 2000 च्या वेगळ्या कायद्याखाली होते आणि संरक्षण 10 वर्षांचं, अर्ज केला तर आणखी 5.

याचा अर्थ, शर्टासाठी म्हणूनच काढलेली फुलाफुलांची नक्षी एक्कावन्नाव्या शर्टाबरोबर कुणालाही उचलता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये सोफ्याच्या कापडावरच्या नक्षीबद्दल साधारण हेच ठरवलं. पण स्वतंत्र चित्र म्हणून काढलेलं काही नंतर शर्टावर गेलं, तर मूळ चित्राचा कॉपीराइट शाबूत राहतो. सीमारेषा कुठे, यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात कसोटी घालून दिली: आधी बघायचं की ही मुळात निव्वळ कलाकृती आहे, की कलाकृतीवरून घेतलेलं आणि कारखान्यात वस्तूवर चढवलेलं डिझाइन. तरीही उलगडा झाला नाही तर तिचा मुख्य उपयोग काय हे बघायचं. खटला वायू वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या नकाशांचा होता, पण कसोटी शर्टालाही तीच.

कायदा मला इथे कंजूस वाटतो. स्क्रीनच्या जमान्यात पन्नास शर्ट म्हणजे खरंच धंदा होता. आता पन्नास शर्ट एका दुपारचं काम आहे.

‘पण हे सगळं हवाईच्या लोकांकडून ओरबाडलेलंच ना?’

काही अंशी, हो. हवाईचं स्वतःचं कापड म्हणजे कापा, वौके नावाच्या झाडाची साल कुटून केलेलं, वर बांबूच्या ठशांनी नक्षी. तिची भौमितिक नक्षी कारखानदारांनी अर्थ न विचारता उचलली, वर हवाईत नसलेली फुलं आणि देवही चिकटवले. दुसरीकडे, शर्ट स्वतः पाच समाजांच्या हातून झालेला, त्यामुळे तो एकट्या कुणाचा असं सांगता येत नाही. मला यातलं सगळ्यात पटणारं उत्तर हिलो शहरातल्या सिग झेन यांचं वाटतं. 1985 पासून ते दुकान चालवतात. आसपास उगवणारी, हुला नृत्याशी आणि जुन्या कथांशी जोडलेली झाडं निवडायची, त्यांचे आकार हाताने कापायचे आणि एकदोन रंगांत छापायचे. भडक सूर्यास्त त्यात नसतो.

‘शर्टावरची ती काय कला?’

सिडनीत 1984 मध्ये डेअर जेनिंग्जने माम्बो ही कंपनी काढली. त्याचा आधीचा धंदा स्क्रीन प्रिंटिंगचाच. सर्फिंगचे बाकीचे कपडे तेव्हा पिळदार पोरं आणि सोनेरी किनारे विकत होते, माम्बोने पादणारा कुत्रा विकला. दोन वर्षांनी रेज मोम्बासा तिथे आला, खरं नाव ख्रिस ओ’डोहर्टी, गायक-वादक आणि निसर्गचित्रकार. त्याने शर्टांवर उपनगरातली घरं, बिअर, धर्म, राजकारण सगळं आणलं. माम्बोने चित्रकारांना त्यांच्या नावानिशी पुढे केलं, आणि त्यामुळे लोक कंपनीच्या शर्टाऐवजी मोम्बासाचा शर्ट मागू लागले. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात माम्बोच्या आकृत्या भल्यामोठ्या फुग्यांसारख्या मैदानात आल्या. मेलबर्नच्या राष्ट्रीय कलादालनाने 2014 मध्ये माम्बोचं तीस वर्षांचं प्रदर्शन भरवलं. तोवर लोकांनी ते शर्ट धुऊन धुऊन विटवले होते.

आपल्याकडे: मारियो

गोव्यात हाच प्रकार व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या बाबतीत दिसतो. टी-शर्ट, मग, टाइल्स, कोलाब्यातल्या कॅफे मोंडेगारच्या भिंती. टॅव्हर्नमधले फुगलेले काका, मासळीबाजारातल्या बायका, बाल्कनीतून खाली बघणारं गाव. अधिकृत मालाबरोबर नक्कलही उदंड, कारण चित्र ओळखीचं आणि फाइल मिळायला सोपी. मारियो 2011 मध्ये गेले, तेव्हा हा कॉपीराइट 2071 संपेपर्यंत चालेल. ही स्वतंत्र चित्रं म्हणून काढलेली आहेत, शर्टाची नक्षी म्हणून नाही, म्हणून पन्नासाची पळवाट इथे सहज चालणार नाही.

कॉपीराइट विकला तरी एक हक्क चित्रकाराकडे राहतो: काम माझं आहे असं म्हणण्याचा, आणि नावाला बट्टा लागेल अशी त्याची मोडतोड रोखण्याचा. कायद्याचं 57 वं कलम. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने उखडून गोदामात टाकलं, तेव्हा 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमावर त्यांना ते परत द्यायला लावलं, वर पाच लाखांची भरपाई.

चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना आता दुकानदार विचारू लागलेत, ‘आमच्या शर्टांसाठी काहीतरी बीचसारखं काढून दे.’ अशा वेळी किती शर्ट, किती वर्षं आणि लेबलवर नाव येणार का, हे कागदावर घ्यावं. नक्षी खास शर्टासाठीच असेल तर डिझाइनची नोंदणी माल बाजारात जाण्याआधीच करावी लागते. इन्स्टाग्रामवर फोटो टाकला तरी ती प्रसिद्ध झाली असं धरलं जाऊ शकतं, आणि मग नवी म्हणून ती नोंदवता येत नाही.